सोमवारचा शेरा

रंगभूमीविषयी आजवर पुष्कळ लिहिले गेले आहे. नटांची चरित्रे, नाटककारांच्या आठवणी आणि टीकाकारांची परीक्षणे यांनी ग्रंथालयांची कपाटे भरून गेली आहेत. परंतु रंगभूमीच्याच पोटात जन्मलेला एक लेखनप्रकार असा आहे, की ज्याला कोणी वाङ्मय म्हणणार नाही आणि लिहिणाऱ्यालाही आपण काही लिहीत आहोत असे कधी वाटले नसेल. अमेरिकेतील व्हॉडव्हिल नाट्यगृहांचे व्यवस्थापक सोमवारचा दुपारचा खेळ आटोपला की त्या आठवड्याच्या कलावंतांविषयी मुख्य कचेरीकडे जो अहवाल धाडीत, तो हा प्रकार होय. त्यांतील काही उतारे मागे माझ्या वाचनात आले आणि तेव्हापासून ते मनातून गेले नाहीत.

व्हॉडव्हिल म्हणजे काय, हे आपल्या वाचकांना सांगणे अवघड नाही. आपल्याकडे गणेशोत्सवात ‘विविधगुणदर्शन’ असते, त्याचा धंदेवाईक आणि अवाढव्य अवतार म्हणजे व्हॉडव्हिल. एक गायिका, मग दोन विदूषक, मग शिकविलेली कुत्री, मग एखादी एकांकिका, मग चेंडू झेलणारा, मग जादूगार. एकाचा दुसऱ्याशी काही संबंध नाही आणि सर्वांना बांधणारे कथानक नाही. प्रत्येकाला दहा, पंधरा, फार तर तीस मिनिटे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून १९३० च्या आसपासपर्यंत अमेरिकेतील शहरोशहरी सामान्य माणसाची करमणूक हीच होती. फरक इतकाच, की आपल्या मांडवातील कलावंत कार्यक्रम संपल्यावर घरी जाऊन जेवतो. तिथल्या कलावंताचे जेवण त्या पंधरा मिनिटांवर अवलंबून असे.

हे अहवाल मला जवळचे वाटावेत याला एक घरगुती कारण आहे. इंदूरच्या आमच्या वसाहतीत गणेशोत्सवातील विविधगुणदर्शन आमच्या वडीलधाऱ्यांच्या काळापासून चालत आलेले आहे, आणि त्यांतील बावीस वर्षे कार्यक्रमपत्रिका हातात घेऊन विंगेत उभे राहण्याचे काम माझ्याकडे होते. कोणी आधी यावे, कोणी नंतर, कोणाला किती मिनिटे द्यावीत आणि कोणाचा माईक केव्हा हळूच बंद करावा, हे ज्याने केले आहे त्यालाच त्या कामातील अवघडपण कळेल. म्हणून सातासमुद्रांपलीकडच्या त्या अनोळखी व्यवस्थापकांचे शेरे वाचताना एखाद्या व्यवसायबंधूचे पत्र वाचावे तसे मला वाटले.

आता या अहवालांचा जन्म कसा झाला ते सांगतो. पूर्वी अमेरिकेत असले संमिश्र खेळ दारूच्या गुत्त्यांच्या आश्रयाने चालत आणि कुटुंबवत्सल माणूस तिकडे फिरकत नसे. १८८१ मध्ये न्यूयॉर्कला टोनी पास्टर याने बायकामुलांसह पाहता येईल असा सभ्य खेळ सुरू केला. पुढे बोस्टनला बेंजामिन फ्रँकलिन कीथ आणि त्याचा सहकारी एडवर्ड आल्बी या दोघांनी, आणि दोघेही मूळचे सर्कशीच्या तंबूतले, त्याच कल्पनेचा मोठा व्यापार केला. १८८५ मध्ये कीथने सकाळपासून रात्रीपर्यंत अखंड चालणारा खेळ सुरू केला. प्रेक्षकाने केव्हाही यावे आणि केव्हाही उठावे. सभ्यतेविषयी त्याचा कटाक्ष असा, की पडद्यामागे सूचना लावलेल्या असत आणि साध्या ग्राम्य शब्दासाठीही कलावंताला तत्काळ नारळ मिळे. त्याच्या नाट्यगृहांच्या साखळीला कलावंत थट्टेने ‘संडे स्कूल सर्किट’, म्हणजे रविवारी मुलांना धर्मपाठ देणाऱ्या शाळांची साखळी, असे म्हणत. १९०६ मध्ये कलावंतांच्या नेमणुका एका ठिकाणाहून करणारी ‘युनायटेड बुकिंग ऑफिस’ ही मध्यवर्ती कचेरी निघाली आणि देशातील मोठमोठ्या नाट्यगृहांच्या किल्ल्या जणू एकाच जुडग्यात आल्या.

इतक्या दूरदूरच्या गावी खेळणारा कलावंत कसा आहे हे मुख्य कचेरीला कळावे कसे? त्यासाठीच सोमवारचा शेरा. बोस्टन, फिलाडेल्फिया, प्रॉव्हिडन्स, क्लीव्हलँड, पिट्सबर्ग अशा गावांचे व्यवस्थापक आठवड्याचा पहिला खेळ पाहून प्रत्येक अंकाविषयी चार ओळी लिहीत. त्यांच्या प्रती साखळीतील इतर व्यवस्थापकांनाही मिळत. १९०२ पासून पुढच्या सुमारे दोन दशकांचे असे अहवाल आज आयोवा विद्यापीठाच्या ग्रंथालयात जतन केलेले आहेत.

या शेऱ्यांचा साचा मोठा शिस्तीचा आहे. अंकाचे नाव, मिनिटे किती लागली, रंगमंच किती व्यापला आणि प्रेक्षकांनी काय केले. रंगमंच किती व्यापला, याची नोंद का, असा प्रश्न आपल्याला पडेल. ज्यांनी आपली जुनी नाटके पाहिली आहेत त्यांना उत्तर लगेच सुचेल. मागे दरबार मांडावयाचा असला की पुढचा पडदा सोडून त्याच्यापुढे दोन पात्रांचा हलका प्रवेश उरकून घेत. तिथेही तीच युक्ती होती. पडद्यापुढच्या अरुंद पट्टीत एक गाणारा उभा राही, तोवर मागे कसरतपटूंचे झोके बांधून होत. तेव्हा अमुक अंक पडद्यापुढे चौदा मिनिटे चालतो, ही माहिती व्यवस्थापकाच्या दृष्टीने कलेइतकीच मोलाची होती. मग शेरा येई: सुरुवात थंड, शेवट जोरदार, गाणे बरे, विनोद शिळे, आमच्या गावाला चालला, पण दिलेल्या पैशांइतका नाही. भाषा माझी आहे, पण ढंग असाच.

यात मला सर्वांत भावली ती एक गोष्ट. चांगला व्यवस्थापक स्वतःचे मत आणि प्रेक्षकांचे मत यांची सरमिसळ करीत नाही. आपल्याला कंटाळवाणा वाटलेला अंक लोकांनी डोक्यावर घेतला, तर तो तसे लिहितो. आपल्याला आवडलेला लोकांना आवडला नाही, तर तेही लिहितो. हे वाटते तितके सोपे नाही. रंगमंचाकडे पाहणारे डोळे आणि प्रेक्षकांकडे पाहणारे डोळे एकाच वेळी उघडे ठेवावे लागतात. आपल्याकडील कित्येक परीक्षकांना एकच डोळा असतो, हे मी स्पर्धांतून पुष्कळदा पाहिले आहे.

दुसरी गोष्ट क्रमाची. न्यूयॉर्कचे पॅलेस नाट्यगृह २४ मार्च १९१३ रोजी उघडले आणि पुढे ते व्हॉडव्हिलचे पंढरपूर ठरले. तेथील अंकांची निवड करणारे जॉर्ज गॉटलिब यांनी नऊ अंकांचा क्रम कसा लावावा याची केलेली उकल १९१५ च्या एका पुस्तकात छापलेली आहे. पहिला अंक शब्दावाचून चालणारा असावा, कारण लोक अजून खुर्च्या शोधत असतात. दुसऱ्याने सभागृह स्थिर करावे, तिसऱ्याने जागे करावे. चौथा आणि पाचवा वजनदार, म्हणजे मध्यंतरात लोकांच्या तोंडी काही विषय राहतो. सहाव्याचे काम सर्वांत कठीण: बाहेरून परतणाऱ्यांना पुन्हा धरावयाचे, पण पुढच्यांपेक्षा वरचढ व्हावयाचे नाही. सातवा भरगच्च, आठवा ज्याच्यासाठी लोक आले तो तारा. नववा डोळ्यांना दिपविणारा, झोक्यावरच्या कसरतीसारखा. कारण उठून जाणाऱ्यांच्या गर्दीतही तो दिसतो.

हे वाचताना मला हसू आले. आमच्याकडे आरतीनंतर आठ वाजता कार्यक्रम सुरू होई आणि भाद्रपदातील पावसामुळे साडेआठपर्यंत मंडळी छत्र्या झटकीत येत. अशा वेळी पहिल्या क्रमांकावर एखाद्या मुलीची नाजूक भावगीतरचना ठेवली, तर तिचे वर्षभराचे कष्ट छत्र्यांच्या पाण्यात वाहून जात. म्हणून बालवर्गाचे समूहनृत्य आधी. आईबापांना आपले मूल कोठूनही दिसते आणि उशिरा येणाऱ्याचेही काही हुकत नाही. गॉटलिबचे नावही ऐकले नव्हते, तेव्हापासून आम्ही हेच करीत होतो. क्रम लावणे हा मूल्यमापनाचा सर्वांत मूक प्रकार आहे, आणि सर्वांत दयाळूही होऊ शकतो. योग्य जागी ठेवलेला साधारण अंक तरून जातो. भलत्या जागी ठेवलेला उत्तम अंकही पडतो.

परंतु या चोख व्यवस्थेची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. तो शेरा कलावंताच्या हाती पडत नसे. फिलाडेल्फियाच्या एका माणसाचे डोके सोमवारी दुपारी दुखत असेल, तर त्याची किंमत एखाद्या जोडप्याला पुढील महिन्यांतील नेमणुकांच्या रूपाने मोजावी लागण्याचा संभव होता, आणि कारण त्यांना कधीच कळले नसते. कलावंतांनी १९०० मध्ये ‘व्हाइट रॅट्स’ नावाची संघटना काढली, १९०१ मध्ये संप केला आणि पुन्हा १९१६–१७ मध्येही करून पाहिला; दुसऱ्या संपाच्या अपयशानंतर ती मोडली. आल्बीने १९१६ मध्येच कलावंतांची दुसरी, मालकधार्जिणी संस्था उभी केली होती. आणि त्या बंडखोर संघटनेचेही दार कृष्णवर्णीयांना बंद होते. व्यवस्थापकांचे शेरेही त्या काळाच्या पूर्वग्रहांपासून मुक्त नाहीत. आयरिश, ज्यू, जर्मन आणि कृष्णवर्णीय यांची नक्कल हा तर विनोदाचा बाजारभाव होता. बर्ट विल्यम्ससारखा थोर विनोदी नट स्वतः कृष्णवर्णीय असून त्याला तोंडाला आणखी काळे फासून उभे राहावे लागे. मिनिटे अचूक मोजणारी माणसे माणूस मोजताना कशी चुकतात, हेही या कागदांतून शिकावे.

मग गुप्त शेऱ्यापेक्षा उघड टीका बरी काय? त्याचीही एक कहाणी आहे, आणि ती आयोवाचीच आहे. तेथील चेरी भगिनींचा गाण्या-अभिनयाचा खेळ इतका वाईट मानला जाई, की तो वाईट आहे म्हणूनच लोक पाहावयास येत आणि भाजीपाला फेकून मारीत. १८९६ मध्ये ऑस्कर हॅमरस्टाइन याने त्यांना न्यूयॉर्कला आणले, ते याच कीर्तीवर. एका पत्रकाराने त्यांच्या रूपावर आणि आवाजावर अतिशय जहरी लिहिले आणि ते दुसऱ्या वृत्तपत्राने उद्धृत केले. भगिनी न्यायालयात गेल्या. १९०१ मध्ये आयोवाच्या सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला, की जो लोकांपुढे प्रयोग करतो त्याच्यावर कठोर टीका करण्याचा, त्याची थट्टा करण्याचाही अधिकार, मनात दुष्ट हेतू नसेल तर, वृत्तपत्राला आहे. कायदा म्हणून हा निर्णय योग्यच आहे. त्याच्या आधाराने पुढे कित्येक टीकाकार निर्भयपणे लिहू शकले. पण अधिकार असणे वेगळे आणि उपयोगी पडणे वेगळे. त्या पत्रकाराने भगिनींना काय सांगितले? त्या कुरूप आहेत आणि बेसूर गातात, एवढेच. गाणे किती मिनिटांनी कमी करावे, कोणता भाग ठेवावा, हे त्यात नव्हते. व्यवस्थापकाच्या चार कोरड्या ओळींत जे असे, तेच या झणझणीत लेखात नव्हते.

गुप्त शेऱ्यात उपयोग आहे, पण तो कलावंतापर्यंत पोचत नाही. उघड टीका पोचते, पण तिच्यात उपयोग असेलच असे नाही. तिसरा मार्ग आहे आणि त्याचे उदाहरण व्हॉडव्हिलच्याच इतिहासात आहे. १८९९ मध्ये सेंट पॉल या गावी मार्टिन बेक नावाच्या नाट्यव्यवसायिकाने एका धडपड्या तरुण जादूगाराचा खेळ पाहिला. हा तरुण पत्ते, रुमाल, कबुतरे असे सगळेच थोडेथोडे करीत असे आणि त्यातच बेड्यांतून सुटण्याचा प्रयोगही करी. बेकने त्याला सांगितले, की किरकोळ जादू सोडून दे; बेड्या आणि पेटीतून सुटणे एवढेच धर. सांगून तो थांबला नाही; त्याने आपल्या साखळीतील नेमणूकही त्याला दिली. तो तरुण म्हणजे हॅरी हूडिनी. पुढे जगाने त्याला डोक्यावर घेतले ते याच एका प्रयोगाच्या बळावर. न्यूयॉर्कचे पॅलेस उभारणाराही हाच बेक. तोंडावर सांगणे, काय टाकावे आणि काय ठेवावे हे दोन्ही सांगणे, आणि उभे राहावयास जागा देणे: या तीन गोष्टी एकत्र आल्या, की शेरा माणसाच्या कामी येतो.

आमच्या मंडळात याच्या अगदी उलट रीत होती. वार्षिक अहवालात दरवर्षी एकच वाक्य छापले जाई, की सर्व कार्यक्रम अत्यंत बहारदार झाले. खासगीत मात्र एकेकाची साले काढली जात. आमच्याकडे एक वयस्क गृहस्थ होते. सारी वसाहत त्यांना नाना म्हणे. तरुणपणी त्यांची नाट्यगीते ऐकण्यासाठी पलीकडच्या गल्लीतून माणसे येत. पुढे आवाज गेला, पण हौस गेली नाही. पंचवीस-पंचवीस मिनिटे ते गात. मुले मांडवाबाहेर पळत, मागच्या रांगांत कुजबूज सुरू होई. आणि खाली उतरल्यावर सारे त्यांना म्हणत, “वा नाना, काय रंगवलंत!” एका वर्षी समितीत कोणी सुचविले, की त्यांना “यंदा वेळ पुरणार नाही” असे कळवून टाकावे. तेव्हा आमच्या समितीतील एक काकू म्हणाल्या, “खोटं निमित्त नको. मी जाते त्यांच्याकडे.”

मीही त्यांच्यासोबत गेलो होतो. चहा झाल्यावर काकूंनी सरळ सांगितले, “नाना, तुमचा आवाज आता वरच्या पट्टीत टिकत नाही. पण पेटी तुमच्यासारखी आपल्या वसाहतीत कुणी वाजवीत नाही. यंदा मुलींच्या नाट्यगीतांना साथ तुम्ही करा, आणि मध्यंतरानंतर दहा मिनिटं नुसती पेटी ऐकवा.” नाना बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “हे मला पाच वर्षांपूर्वी कुणी का नाही सांगितलं?” पहिल्या तालमीला ते आले नाहीत. दुसऱ्या तालमीला आले आणि आल्या आल्या मुलींची पट्टी अर्ध्या स्वराने खाली आणली. ती मुलींना इतकी मानवली, की त्या वर्षी ‘वन्स मोअर’ मिळाला. पुढे चार गणेशोत्सवांत नानांनी पेटी वाजविली. पण एवढे मात्र सांगितले पाहिजे, की त्यानंतर ते चारचौघांत कधी गायले नाहीत. खऱ्या शेऱ्याची किंमत द्यावी लागते आणि ती ज्याच्याविषयी शेरा असतो तोच देतो. ही किंमत ठाऊक असूनही बोलण्याचे धैर्य ज्याच्यापाशी आहे, त्यालाच शेरा लिहिण्याचा अधिकार आहे असे मला वाटते.

त्या व्यवस्थापकांचे पुढे काय झाले, हे सांगितल्यावाचून विषय पुरा होणार नाही. त्यांच्या यादीत अखेरीस चलच्चित्रांचीही नोंद असे: अमुक चित्र बरे, तमुक जुने. २९ जून १८९६ रोजी न्यूयॉर्कला युनियन स्क्वेअरच्या कीथ नाट्यगृहात ल्युमिएर बंधूंची चलच्चित्रे दाखविली गेली. त्यानंतर आठच दिवसांनी, ७ जुलैला, तीच नवलाई मुंबईच्या वॉटसन हॉटेलात अवतरली. इतर अंकांच्या शेपटाला जोडलेल्या या वस्तूने हळूहळू सारी पत्रिकाच गिळली. १९२८ मध्ये कीथ-आल्बीची साखळी ‘आर. के. ओ.’ या चित्रपटसंस्थेत विलीन झाली आणि १९३२ मध्ये खुद्द पॅलेसनेही चित्रपटांची वाट धरली. त्याच १९३२ साली आपल्याकडे ‘अयोध्येचा राजा’ हा पहिला मराठी बोलपट झळकला आणि आपल्या संगीत नाटक मंडळ्यांवरही उतरती कळा आली. या आठवड्यात काय चालले हे अचूक सांगणाऱ्या माणसांना पुढच्या पिढीत काय चालेल हे दिसले नाही. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. सोमवारचा शेरा सोमवारपुरताच असतो.

पण सोमवारपुरता का होईना, तो असावा. आपल्या मंडळांतून आजही उत्सव होतात, मुले नाचतात, नव्या सुना मराठी पदे बसवितात आणि दुसऱ्या दिवशी सर्व काही ‘बहारदार’ या एका शब्दात पुरले जाते. मुलांना मराठी रंगमंचावर बोलण्याची सवय लागावी ही आपली इच्छा असेल, तर त्यांचे काय चांगले आणि काय उणे, हे त्यांना कोणीतरी सांगावयास हवे. माझी सूचना साधी आहे. समितीने एक वही घालावी. पहिल्या रकान्यात मिनिटे, दुसऱ्यात क्रम आणि जागा, तिसऱ्यात प्रेक्षकांनी काय केले आणि आपल्याला काय वाटले, हे वेगवेगळे. बोस्टनच्या व्यवस्थापकाचे काम एवढ्याने भागले असते. आपण त्याला आणखी एक रकाना जोडावा: ज्याच्याविषयी लिहिले त्याला ते सांगितले काय, कोणी सांगितले आणि पुढच्या वर्षी त्याला कोणती जागा दिली. हा रकाना कोरा असेल, तर आधीचे तीन भरून काही उपयोग नाही.